दृष्टिरेषा, ओळंबा आणि धुऱ्याचा दगड

मागच्या व्याख्यानाचा विषय प्रमाणशास्त्र होता. ज्ञान कशाला म्हणायचं आणि नुसता भास कशाला, असं तासभर बोलून आम्ही खाली उतरलो, तर दाराशी दर्यापूरकडचे एक श्रोते थांबलेले. म्हणाले, "सर, तुमचं समदं पटलं. आता माह्या धुऱ्याचं सांगा. एक मोजणी इकडे दाखवते, दुसरी तिकडे. खरी कोनती?"

आम्ही त्यांना काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं आणि रिक्षात बसलो. घरी येईपर्यंत लाज वाटत राहिली. एक तर प्रश्न अस्सल प्रमाणशास्त्राचा होता. दुसरं म्हणजे तो आमच्या स्वतःच्या घरात वीस-एकवीस वर्षं मुक्कामाला होता आणि त्याची किंमत आम्ही मोजलेली आहे. म्हणून आज ठरवलेला विषय बाजूला ठेवतो. जे वऱ्हाडाबाहेरून ऐकताहेत त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की दोन वावरांमधल्या बांधाला इकडे धुरा म्हणतात. धुऱ्यावरून इथे सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात आणि कधी कधी दवाखान्यातही जातात.

मोजणीचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे दृष्टिरेषा. इथून तिथे पाहिलं की डोळा आणि ती वस्तू यांच्यामध्ये एक रेघ कल्पायची. जमिनीवर ती रेघ कुठेच नसते. वावरात ढेकळं असतात, पऱ्हाट्या असतात, मध्ये एखादी बोर असते. तरी भूमापक दोन टोकांना दोन झेंड्या रोवतो, मागे उभा राहतो, एक डोळा मिटतो आणि तिसऱ्या झेंडीवाल्याला हाताने खुणावतो: डावीकडे, अजून थोडी, बस. तिन्ही झेंड्या एकामागे एक लपल्या की रेघ सरळ झाली. गंमत पहा, इथे दिसेनासं होणं हाच पुरावा आहे. मागची झेंडी दिसली म्हणजे चूक आणि लपली म्हणजे बरोबर.

ही लपालपी किती भरवशाची? चांगल्या माणसाच्या डोळ्याला साधारण एका मिनिटाचा कोन वेगळा ओळखता येतो. एका अंशाचे साठ मिनिटं, आणि एका मिनिटाचे साठ सेकंद. आपले जुने ज्योतिषी त्यांना कला आणि विकला म्हणत. शंभर मीटरवर एक मिनिट म्हणजे जवळजवळ तीन सेंटिमीटर. म्हणजे झेंडीच्या जाडीएवढीच चूक. उघड्या डोळ्याने एवढं साधतं, हे काही कमी नाही. गवंडी दोरीशिवाय भिंतीचा बाक ओळखतो तो याच बळावर.

पण चुकीचेही स्वभाव असतात. साखळी धरताना मधला माणूस रेघेबाहेर गेला, समजा तीस मीटरमागे एक वीत-दीड वीत, तीस सेंटिमीटर, तर लांबीत किती फरक पडेल? लोक सांगतात, बराच पडेल. हिशेब केला तर दीड मिलिमीटर. लांबीच्या बाबतीत तिरकेपणा फार दयाळू आहे. आता तोच तिरकेपणा हद्दीच्या दिशेत घाला. तीनशे मीटर लांबीचा धुरा, आणि एका टोकाला दिशा दहा मिनिटांनी चुकली. दहा मिनिटं म्हणजे अंशाचा सहावा हिस्सा, डोळ्याला जाणवेल न जाणवेल इतका. दुसऱ्या टोकाला रेघ ८७ सेंटिमीटर सरकते. मधे जी लांबुळकी पाचर तयार होते तिचं क्षेत्र १३० चौरस मीटर, म्हणजे सव्वा गुंठ्याहून थोडं जास्त. लांबीला जी चूक खपून जाते ती क्षेत्राला खपत नाही, आणि भांडण क्षेत्रावरून होतं.

आपल्याकडची जुनी मोजणी याच साधनांनी झाली. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला, आणि पुढच्या दशकात इथे मुंबई इलाख्याच्या पद्धतीने शेतवार मोजणी सुरू झाली. शंकू आणि साखळी. शंकू म्हणजे काठीवर बसवलेलं एक डोकं, त्याला एकमेकींशी काटकोनात पाडलेल्या खाचा. एका खाचेतून मुख्य रेघ पाहायची, दुसरीतून लंब काढायचा. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. ३३ फुटी चौरस म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. एवढा सुटसुटीत हिशेब की शेतकऱ्यालाही तोंडी करता यावा. हे टिपणांच्या कागदांवर उतरलं, आणि आजही तुमच्या धुऱ्याचा वाद शेवटी त्या टिपणापाशी जाऊन थांबतो.

त्या लोकांना कमी लेखू नका. पण साखळी ही लोखंडी कड्यांची, कडी झिजते आणि साखळी लांबते. ३३ फुटांमागे एक इंच वाढ झालेली साखळी घेऊन सहाशे फूट मोजले तर दीड फुटाची गफलत होते. पोलादी टेपचंही तेच, फक्त बारीक प्रमाणात. डिसेंबरच्या पहाटेचा बारा अंशांचा गारठा आणि मे महिन्यातलं अकोल्याचं पंचेचाळीस अंशांचं ऊन, एवढ्या फरकाने तीनशे मीटरच्या मापात बारा सेंटिमीटरच्या आसपास अंतर पडतं. टेप तीच, वावर तेच, माणूसही तोच.

उन्हाचा विषय निघालाच आहे. एप्रिलमध्ये नांगरलेल्या काळ्या वावराकडे दुपारी पाहिलं आहे ना? जमिनीवर पाणी हलल्यासारखं दिसतं, लांबची झेंडी बुडाशी वितळते आणि हवेत तरंगते. तापलेली हवा विरळ, वरची त्या मानाने दाट. प्रकाश या थरांतून सरळ येत नाही, वाकून येतो. आमच्या विषयातल्या लोकांनी हे फार पूर्वी हेरलं होतं. न्यायसूत्रांत प्रत्यक्षाची व्याख्या करताना गौतमांनी अट घातली की ते ज्ञान अव्यभिचारी हवं, म्हणजे विषयाला सोडून भलतीकडे जाणारं नको. त्यावर भाष्य करताना वात्स्यायनांनी दिलेलं उदाहरण मृगजळाचंच आहे. ग्रीष्मातले सूर्यकिरण जमिनीच्या उष्णतेत मिसळतात, हलतात, आणि लांबून पाहणाऱ्याला पाणी वाटतं. तिथेच त्यांनी दुसरंही उदाहरण घेतलं. माणूस लांबून काहीतरी पाहतो, पण तो धूर आहे की धूळ हे त्याला ठरवता येत नाही. आम्ही हे वर्गात पस्तीस वर्षं शिकवलं. त्यातला धूळ-धुराचा माणूस एखादा मोजणीदार असेल, हे मात्र कधी सुचलं नाही.

म्हणून जाणते भूमापक लांबची नजर सकाळी लावतात, आणि दृष्टिरेषा जमिनीला घासून जाऊ देत नाहीत. निदान गुडघाभर वर ठेवतात. पण इथे एक बारकावा आहे. हवेचे थर आडवे असतात, त्यामुळे प्रकाश वाकतो तो मुख्यतः वर-खाली. त्याने उंची चुकते. धुरा डावीकडे-उजवीकडे सरकायला मृगजळ फारसं कारणीभूत नसतं. तापलेल्या टिनाच्या शेडला चिकटून नजर गेली तर थोडं बाजूलाही वाकेल, पण दोन-अडीच फूट नाही. तेव्हा मोजणी मनाविरुद्ध गेली की "दुपारी मोजलं, म्हणून चुकलं" असं जे म्हटलं जातं, ते बहुतेक वेळा खरं नसतं.

अंतर वाढलं की पृथ्वीची गोलाई मधे येते. भास्कराचार्यांनी गोलाध्यायात म्हटलं आहे की परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो, आणि एवढ्या मोठ्या गोलावर एवढासा माणूस, म्हणून त्याला पृथ्वी सपाट वाटते. हे अमरावतीत बसून तपासता येतं. पाऊस उघडला की उत्तर-पश्चिमेला मेळघाटचे डोंगर निळे दिसतात. गाविलगड इथून सरळ रेघेत साठ-पासष्ट किलोमीटर. एका किलोमीटरवर गोलाई, हवेचं वाकणं वजा करून, जेमतेम पावणेसात सेंटिमीटर खाली जाते. पण हा आकडा अंतराच्या वर्गाने वाढतो, आणि तिथवर पोचेपर्यंत पावणेतीनशे मीटरच्या वर होतो. म्हणजे डोंगराचा तेवढा पायथा पृथ्वीआड आहे. आपण जो पाहतो तो त्याचा वरचा भाग, आणि समजतो की सगळा डोंगर दिसला.

या सगळ्या वाकड्या गोष्टींशी मुकाबला करत एक मोठी मोजणी आपल्या याच भागातून गेली. विल्यम लँबटनने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ साडेसात मैलांची पहिली पायारेषा मोजायला घेतली. शंभर फुटी पोलादी साखळी, तिला लाकडी पेट्यांचा आधार, वर सावलीला तंबू, शेजारी उष्णतामापक. एवढी एक रेघ मोजायला सत्तावन्न दिवस लागले. त्यानंतर साखळी ठेवून दिली आणि उरलेलं काम नजरेने. एक बाजू ठाऊक, दोन टोकांचे कोन मोजले, की तिसरा बिंदू गणिताने मिळतो. मग त्या त्रिकोणाच्या पाठीवर दुसरा, त्याच्या पाठीवर तिसरा. टेकडीवरून टेकडीवर नजर टाकत ही माळ कन्याकुमारीकडून उत्तरेला निघाली. कोन मोजायचं त्याचं थिओडोलाइट यंत्र अर्धा टन वजनाचं. १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि त्याचं मोठं वर्तुळ वाकलं. लँबटन स्वतःला कोंडून घेऊन सहा आठवडे ते वर्तुळ ठाकूनठोकून सरळ करत बसला. यंत्राच्या वर्तुळावर एक सेकंद चुकला तर पन्नास किलोमीटरवर पाव मीटर चूक होते. मग वाकलेल्या वर्तुळाचं काय! त्याच यंत्राने पुढेही काम झालं, कारण तोच कोन वर्तुळाच्या वेगवेगळ्या भागांवर पुन्हा पुन्हा वाचायचा आणि सरासरी काढायची. यंत्रात दोष आहे हे धरूनच पद्धत आखलेली होती.

हा लँबटन हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. अमरावतीहून दोन-तीन तासांची वाट, पण आपल्यापैकी कितीजण गेलेत? आम्हीही साठीनंतरच गेलो.

त्याच्या मागे काम आलं जॉर्ज एव्हरेस्टकडे. स्वभावाने तापट, पण चुकीच्या मागे हात धुऊन लागणारा. दिवसा आरशाने सूर्याचा कवडसा पाठवायचा, रात्री दिवे लावायचे. रात्री गार जमिनीवर प्रकाश उलटा, खाली वाकतो आणि दिवसा कड्याआड असलेलं ठाणं रात्री वर येऊन दिसायला लागतं. ज्या वाकण्याने भूमापक हैराण व्हायचा त्याचाच त्याने उपयोग करून घेतला. आणि तपासणी कशी? माळेच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा एक पायारेषा प्रत्यक्ष जमिनीवर मोजायची, आणि शेकडो मैलांच्या त्रिकोणांतून गणिताने आलेल्या लांबीशी ताडून पाहायची. डेहराडूनला १८३४-३५ मध्ये हे झालं. सुमारे साडेसात मैलांच्या रेषेत फरक आला सात इंचांच्या आसपास. नजरेने एवढं साधलं होतं.

इथवर ही विजयाची गोष्ट आहे आणि शाळेच्या पुस्तकात ती इथेच संपते. आम्हाला खरा रस आहे तो आपल्या जिल्ह्यातल्या एका ठाण्यात. त्या मोजणीच्या नोंदींत त्याचं नाव टाकळखेडा असं येतं. एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या दक्षिणेला, एकवीस अंश सहा मिनिटांच्या आसपास. बिदरजवळचं दामरगिडा, मधे टाकळखेडा आणि उत्तरेला सिरोंजजवळचं कल्याणपूर, अशा तीन ठिकाणी तारे पाहून अक्षांश काढले होते.

अक्षांश काढायचा म्हणजे ताऱ्याचा कोन मोजायचा. पण कोन कशापासून? बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून. आणि डोक्यावर बरोबर कुठे, हे कोण सांगणार? ओळंबा. गवंड्याच्या हातात असतो तोच. दोरीला वजन बांधा, ते सरळ खाली लोंबेल. सरळ खाली म्हणजे काय याची दुसरी व्याख्याच आपल्याजवळ नाही. यंत्रातला पाण्याचा बुडबुडाही तेच मानतो.

आता टाकळखेड्याला उभे राहा. उत्तरेला सातपुड्याचं सगळं पठार, आणि दक्षिणेला पूर्णेचं सपाट खोरं. वस्तुमान वस्तुमानाला ओढतं हा न्यूटनचा नियम. मग उत्तरेकडचा तो डोंगर ओळंब्याच्या वजनाला किंचित आपल्याकडे ओढणार नाही का? १८३० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एव्हरेस्टने टाकळखेड्याच्या बाबतीत हीच शंका घेतली आणि तिचा हिशेब मांडला. त्यात चूक झेंडीची, हवेची किंवा डोळ्याची नव्हती. निरीक्षक जिथे उभा होता तिथलं 'सरळ खाली' हेच तिरकं होतं. ओळंबा एक सेकंद ढळला तर अक्षांश एकतीस मीटरने चुकतो, आणि यंत्राला ते कळायला मार्ग नसतो, कारण यंत्र स्वतःच त्या ओळंब्यावर उभं असतं.

पुढे उत्तरेत हेच मोठ्या प्रमाणावर निघालं. कल्याणपूर आणि हिमालयाजवळचं कलियाना यांमधलं अंतर त्रिकोणांनी एक आलं आणि ताऱ्यांनी दुसरं. फरक सव्वापाच सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर सुमारे एकशे साठ मीटर. १८५५ मध्ये कलकत्त्याच्या प्रॅट नावाच्या पाद्र्याने हिमालयाच्या ओढीचा हिशेब केला, तर उत्तर जवळजवळ सोळा सेकंद आलं. म्हणजे हिमालय जेवढा ओढायला हवा त्याच्या तिसऱ्या हिश्शानेच ओढत होता! या विसंगतीचं स्पष्टीकरण शोधताना प्रॅट आणि एअरी यांच्या डोक्यात पर्वतांच्या खालच्या हलक्या भागाची कल्पना आली, आणि त्यातून पृथ्वीच्या कवचाचं सगळं शास्त्रच पुढे सरकलं. त्या वाटेने आज जात नाही. तो वेगळा तास आहे.

आम्हाला अडवतो तो टाकळखेडा. कारण आम्ही तत्त्वज्ञानवाले चूक नेहमी नजरेत शोधतो. इंद्रिय फसलं, दोरी सापासारखी दिसली. मधल्या अंतरावर आमचा संशय. ज्या जागी आपण उभे आहोत तिच्यावर संशय घ्यायचं सहसा कोणाला सुचत नाही.

आता घरचं सांगतो.

आमचं वडिलोपार्जित वावर खारपाण पट्ट्यात आहे. काळी खोल माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि या दरवर्षीच्या फुगण्या-आकसण्यात हद्दीचा दगड आधी कलतो, मग सरकतो, कधी निखळतो. शेजारच्या वावराचे मालक बाबांचे बालमित्र. दोघं एका सर्ज्या-राजावर आळीपाळीने डवरणी केलेले. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी बाबांना वाटायला लागलं की काका धुरा कोरताहेत. मोजणी मागवली. आम्ही तेव्हा नुकतेच कॉलेजात लागलो होतो, सुटी काढून गेलो. रस्त्याकडच्या कोपऱ्यावरच्या दगडावर झेंडी, तीनशे मीटरवर दुसऱ्या दगडावर झेंडी, मधे आम्ही. भूमापकाने आम्हाला मुद्दाम मागे बोलावून सांगितलं, "प्रोफेसर, तुम्हीच पाहा." आम्ही डोळा मिटून पाहिलं. एकामागे एक, लखलखीत सरळ. रस्त्याकडच्या टोकाला काकांचा नांगर रेघेच्या अलीकडे अडीच फूट आला होता.

काका म्हणाले, "मी धुरा कोरला नाही. पोराची आण." आम्ही त्यांना म्हणालो, "काका, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं." हे वाक्य आम्ही उच्चारलं. त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं बंद झालं. लग्नकार्यं झाली, मयती झाल्या, कोणी कोणाकडे गेलं नाही. बाबा एक्याण्णव साली गेले तेव्हा काका रस्त्यापर्यंत आले होते म्हणे, आत आले नाहीत.

नव्याण्णवच्या हिवाळ्यात वाटणीसाठी पुन्हा मोजणी झाली. या वेळचा भूमापक वयाने लहान, पण चिकट होता. त्याने रस्त्याकडच्या दगडापासून सुरुवातच केली नाही. टिपणाची नक्कल काढली, तीन वावरांच्या मिळणीचा दगड आणि पलीकडचे आणखी दोन दगड धरून आपसातली अंतरं ताडली, ती जुळली, आणि मग त्यांच्यावरून आमच्या कोपऱ्याची जागा काढली. ती उभ्या दगडापासून अडीच फूट आमच्या बाजूला आली. तिथे खणलं. हातभर खाली दगडाचं तुटलेलं बूड निघालं, जागच्या जागी.

वरचा तुकडा मग तिकडे कसा गेला? आईने सांगितलं तेव्हा आम्हाला आठवलं. आम्ही लहान असताना बंडीच्या आसाचा धक्का लागून तो दगड पडला होता, आणि बाबांनीच तो उचलून, अंदाजाने, परत गाडला होता. कोणाची जमीन मारायला नाही. पडलेला दगड माणूस उभा करतो, तसा केला. म्हणजे आम्ही पाहिलेली रेघ अगदी सरळ होती. दृष्टिरेषेत मिलिमीटरचीही कसर नव्हती असं समजा. टोक चुकीचं होतं, आणि त्या टोकापाशी आमचाच माणूस उभा होता. अडीच फुटांची ती पाचर, जेमतेम गुंठाभर, काकांचीच होती.

काका तोवर गेले होते. आम्ही काकूंकडे गेलो. काय बोलायचं ते घोकून गेलो होतो, पण त्यांनी बोलूच दिलं नाही. चहा ठेवला. मग म्हणाल्या, "भाऊ, त्या पट्टीत औंदा तुमची तूर उभी हाय. ते कोन सोंगन?"

हल्ली मोजणीला यंत्रं आली आहेत. उपग्रहांवरून जागा दाखवणारे रोव्हर आले. मोकळ्या आकाशाखाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत नेमकी जागा मिळते, आणि हे खरंच मोठं काम आहे. तिथेही दृष्टिरेषाच आहे, फक्त ती आता आकाशाकडे जाते. म्हणून दाट निंबाखाली किंवा टिनाच्या शेडला लागून ते गडबडतं. संदेश पानांत अडतो किंवा पत्र्यावर आपटून येतो. पण लोकांचा गैरसमज दुसराच आहे. त्यांना वाटतं, यंत्र सेंटिमीटर दाखवतं म्हणजे हद्दही सेंटिमीटरची झाली. हद्द तर जुन्या टिपणातून आणि नकाशातून यायची आहे. १:५००० प्रमाणाच्या नकाशावर पाव मिलिमीटर जाडीची पेन्सिलची रेघ जमिनीवर सव्वा मीटर रुंद होते. त्या सव्वा मीटरमध्ये धुरा नेमका कुठे, हे उपग्रहाला माहीत नाही. तो तुम्ही उभे आहात ती जागा सांगेल. तीच हद्दीची जागा आहे का, हे दगडांवरून, टिपणावरून आणि जुन्या माणसांच्या आठवणीवरूनच ठरवावं लागतं.

तर दर्यापूरकडच्या त्या श्रोत्यांना आम्ही परवा फोन केला. विचारलं, दोन्ही मोजण्या कोणत्या दगडावरून सुरू केल्या होत्या? म्हणाले, "ते त नाही पायलं, सर. मशीन कोनतं होतं ते सांगू शकतो." आम्ही म्हटलं, मशीन राहू द्या. मोजणीच्या नकाशाच्या नकला काढा, दोन्हीवर सुरुवातीची खूण कुठे दाखवली आहे ते बघा, आणि ती खूण निदान आणखी दोन जुन्या दगडांशी ताडली होती का ते भूमापकाला विचारा. शिवाय शेजाऱ्याला सोबत न्या, त्याच्या घरातलं सगळ्यात म्हातारं माणूसही न्या, दगड कधी पडला होता का हे त्यालाच ठाऊक असेल. शेजाऱ्याला न्यायचं म्हटल्यावर ते जरा थांबले. मग म्हणाले, पाहतो. अजून त्यांचा निरोप आलेला नाही.